ज्येष्ठांचा कलावर्ग: पहिल्या घरभेटीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत

ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात कलावर्ग काढायचा ठरला की बहुतेक ठिकाणी काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी हॉल ठरतो, मग उद्घाटनाची तारीख, मग पाहुणे, मग ओळखीतला एखादा शिक्षक आणि सगळ्यात शेवटी माणसं. महिना-दीड महिन्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात आणि ‘आपल्याकडच्या लोकांना आवडच नाही’ असं म्हणून वर्ग बंद पडतो. आवड असते. पण एका काकूंना जमिनीवर बसता येत नव्हतं, एका काकांना पंख्याच्या घरघरीत शिक्षकांचं बोलणं कळत नव्हतं आणि आणखी एका आजींना चार वाजता नातवाला शाळेच्या बसवरून आणायचं होतं. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

इथे दिलेला क्रम १२ ते १५ जणांच्या वर्गासाठी आहे: आठवड्यातून एकदा, दीड तास, सलग बारा आठवडे. उदाहरण म्हणून गोधडीचा वर्ग घेतला आहे, कारण त्यात हात, नजर, आठवणी आणि गप्पा सगळंच येतं. गाणं किंवा चित्र असेल तर काय बदलायचं, ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

आधी हे ठरवा: लोकांना काय सांगायचं

पत्रकावर ‘स्मरणशक्ती वाढवा’, ‘गुडघेदुखी विसरा’ असलं काही छापू नका. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांत ३९० जणांना घेऊन समूहगायनाचा एक मोठा अभ्यास झाला. सहा महिन्यांनी गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला होता आणि आयुष्यातला रस वाढला होता. स्मरणशक्ती आणि शारीरिक क्षमता यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. एकटेपणा कमी होणं ही काही लहान गोष्ट नव्हे. तेवढंच सांगा, कारण तेवढं आपण मनापासून सांगू शकतो. वर्ग औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे, हेही पहिल्याच दिवशी बोला.

१. घरभेटी

हॉल बघण्याआधी दोन-तीन आठवडे घरोघरी जा. व्हॉट्सॲपवर सूचना टाकून जे येतात ते बहुतेक आधीच चार मंडळांत जाणारे असतात. ज्यांना वर्गाची खरी गरज आहे त्यांच्याकडे बऱ्याचदा फोनच नसतो, किंवा असला तरी तो सुनेच्या हातात असतो. नावं मिळवायला आशाताई, किराणा दुकानदार, औषधाचं दुकान आणि वाचनालय यांच्याइतकी चांगली माणसं नाहीत. अलीकडे जोडीदार गेलेली, गाव सोडून मुलाकडे राहायला आलेली, शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर न पडलेली माणसं त्यांना ठाऊक असतात.

भेटीत ‘तुम्हाला कोणती कला येते?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर ठरलेलं: ‘मला मेलीला काय येतंय!’ त्याऐवजी विचारा, ‘घरात शिवणटिपण कोण करायचं? लहानपणी भोंडल्याची, भुलाबाईची गाणी कुणी शिकवली? कामावर असताना हाताने काय-काय केलंत?’ पन्नास वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला प्रमाण, रंग आणि वास यांची जाण असते. गिरणीत किंवा वर्कशॉपमध्ये राबलेल्या माणसाला मापाची. ही माहिती वहीत टिपून ठेवा, पुढे विषय निवडताना ती लागते.

प्रत्येकाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, तेही विचारा. सरसकट ‘आजी-आजोबा’ करू नका. निवृत्त मुख्याध्यापिकेला ‘बाई’ हवं असतं, कुणाला नावापुढे ताई किंवा राव. मदतनीस विशीतले असतील तर त्यांना अहो-जाहो करायला आवर्जून सांगा. लाडाने ‘ए आजी’ म्हणणं घरच्या नातवाला शोभतं.

घरातल्यांशी वेगळं बोला, पण निर्णय त्या व्यक्तीचाच असू द्या. ‘आईला पाठवतो, तिचा वेळ जाईल’ असं मुलगा म्हणाला आणि आई गप्प असेल, तर नाव लिहून घेऊ नका. पुन्हा एकदा, मुलगा घरी नसताना जा.

*तपासा:* यादीत पुरुष किती, एकटे राहणारे किती, भाड्याच्या खोलीतले किती? सगळे एकाच सोसायटीचे आणि एकाच जातीचे दिसत असतील, तर घरभेटी पुऱ्या झालेल्या नाहीत.

२. तब्येतीचा कागद

हा टप्पा लोक गाळतात किंवा त्याचा दवाखाना करून टाकतात. एका पानावर एवढंच हवं: घरच्याचा फोन, डॉक्टरांचा फोन, चालू आजार, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या आहेत का, गेल्या वर्षभरात पडल्या किंवा पडले आहेत का, अलीकडची शस्त्रक्रिया, ऐकणं, दिसणं, दमा. कागद संयोजकाकडेच राहील. तो वर्गात मोठ्याने वाचायचा नाही.

त्यावरून करायच्या गोष्टी:

- मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे माती, धूळ आणि कोरडे रंग लांब ठेवा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करा.
- दमा असलेल्यांजवळ रांगोळीची पूड आणि जुन्या कापडाची धूळ नको. गोधडीसाठी येणारं सगळं कापड आधी धुतलेलं, उन्हात वाळवलेलं असावं.
- पार्किन्सनच्या गोळीचा अंमल जसा असतो तसे हात चालतात. वर्गाची वेळ पक्की करण्याआधी त्या व्यक्तीची चांगली वेळ विचारा.
- रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठवू नका. आधी पाय हलवायचे, मग खुर्चीचा हात धरून उभं राहायचं, क्षणभर थांबायचं, मग पाऊल टाकायचं.

*सावधान:* साखर उतरल्याची लक्षणं म्हणजे घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं. माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर ‘जरा पडू द्या, बरं वाटेल’ म्हणत थांबू नका. लगेच १०८.

३. जागा

तळमजला, नाहीतर चालू असलेली लिफ्ट. कमोड असलेलं स्वच्छतागृह, त्याच मजल्यावर आणि आधाराच्या दांडीसह. याला पर्याय नाही. शौचालयाची सोय नसेल तर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत. कारण मात्र कधीच सांगत नाहीत.

खुर्च्या हाताच्या हव्यात, बसायची उंची साधारण १८ इंच. प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून उठताना माणूस पडतो. टेबलं लांबट, दोन्ही बाजूंनी बसता येतील अशी. कापणं-शिवणं असेल तर खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. शिक्षकाच्या पाठीमागे खिडकी असली की त्याचा चेहरा काळा दिसतो, आणि ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं ओठ बघून अर्थ लावत असतात.

जागा पक्की करण्याआधी, वर्गाच्या वेळेलाच तिथे अर्धा तास बसून या. शेजारी डीजेचा सराव, शाळेची सुटी, मंदिराची आरती असं काय काय असतं ते तेव्हाच कळतं. वेळ म्हणाल तर दुपारी तीन ते साडेचार पुष्कळ ठिकाणी चालते, पण आधी घरभेटीची वही बघा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. वर्गाची सुरुवात हळदीकुंकवाने किंवा ओटी भरून करू नका. तुमच्या यादीत निम्म्या बायका विधवा असू शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या वर्गात तो ठराव न करताही पाळता येतो. सगळ्यांना फूल द्या किंवा कुणालाच काही देऊ नका.

४. कलाकार आणि मदतनीस

शाळेत चित्रकला शिकवणारा चांगला शिक्षक इथे चांगला ठरेलच असं नाही. मुलांना ‘असं काढा’ सांगून जमतं. सत्तरीतल्या माणसाला तसं सांगितलं की तो एकतर हुबेहूब नक्कल करतो, नाहीतर ‘माझं जमत नाही’ म्हणून कागद बाजूला सारतो. कलाकार निवडताना त्याला आधी तुमच्या चार सदस्यांसोबत तासभर बसवा आणि एकच गोष्ट बघा: तो त्यांच्या हातातला ब्रश किंवा सुई काढून घेऊन स्वतः करून दाखवतो का? घेत असेल तर दुसरा शोधा.

कलाकाराला मानधन द्या. शाल-श्रीफळावर बारा आठवडे कुणी टिकत नाही, आणि टिकावं अशी अपेक्षा धरणंही योग्य नाही. सदस्यांकडून महिन्याला छोटी ठरावीक रक्कम घ्या. ज्यांना झेपत नाही त्यांच्याशी संयोजकाने एकट्याने बोलावं, ‘फी माफ’ अशी यादी भिंतीवर लावू नये. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून ज्येष्ठांच्या सुविधांसाठी पैसे मिळू शकतात, कारण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत त्यांचा उल्लेख आहे. पण अर्ज पहिली तुकडी पूर्ण झाल्यावर करा. हजेरीची वही आणि कामाचे फोटो हाती असले की अर्जाला वजन येतं.

पंधरा जणांमागे कलाकाराशिवाय दोन मदतनीस हवेतच. एक दाराशी आणि स्वच्छतागृहापर्यंत सोबत करायला, दुसरा टेबलाशी.

५. साहित्य

इथली काटकसर महागात पडते. बोथट कात्री, पातळ कागद आणि गुठळ्या झालेले रंग दिले की चूक साहित्याची असते आणि माणूस मात्र ती स्वतःची समजतो.

गोधडीसाठी: मोठ्या नेढ्याच्या सुया, सुई ओवायची तार, जाड दोरा, हलकी पण धारदार कात्री, टेबलाच्या रंगाहून वेगळ्या रंगाचं कापड. पांढऱ्या टेबलावर पांढरा तुकडा दिसत नाही. ज्यांची बोटं आखडतात त्यांना कापड आधीच कापून द्या. प्रत्येकाचा एक फूट बाय एक फूट चौकोन ठेवा. बारा चौकोन जोडले की तीन बाय चार फुटांची गोधडी होते, म्हणजे भिंतीवर लावता येते आणि मांडीवरही घेता येते.

चित्रासाठी ब्रशच्या दांड्यावर कापडाची पट्टी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. जाड मूठ थरथरत्या हातातही बसते. कागद टेबलाला चिकटपट्टीने पक्का करा.

गाण्यासाठी छापील शब्द मोठ्या ठशात, एका पानावर एकच गाणं. आणि पट्टी, म्हणजे पेटीवर ज्या सुराला ‘सा’ धरतात तो सूर, खाली आणा. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी काळी चारमध्ये म्हटलेल्या अभंगातले वरचे सूर आता झेपत नाहीत. पांढरी चारपासून सुरुवात करून बघा, गरज पडली तर आणखी उतरा. ‘माझा आवाज गेला’ म्हणणाऱ्या कितीतरी बायकांचा आवाज गेलेला नसतो, पेटीवाल्याने पट्टी उंच धरलेली असते.

*तपासा:* सुया वर्गाआधी मोजा, संपल्यावर पुन्हा मोजा. आकडा जुळेपर्यंत खोली सोडायची नाही.

६. दीड तासाची मांडणी

- पहिली १० मिनिटं: येणं, बसणं, पाणी. हजेरी नावाने, चेहऱ्याकडे बघून.
- पुढची १०: बसल्याजागी हात, मनगटं, मान मोकळी करणं. इथे एखादी ओवी किंवा भोंडल्याचं गाणं चालतं, टाळ्या देत.
- ४०: काम.
- १०: चहा. साखरेचा आणि बिनसाखरेचा, दोन वेगळ्या रंगांच्या थर्मासमधून.
- १५: ज्यांना दाखवायचं आहे त्यांनी आपलं काम दाखवणं.
- शेवटची ५: पुढच्या वेळी काय आणायचं ते फळ्यावर लिहून, वाचून दाखवणं.

चुका होतात त्या मधल्या चाळीस मिनिटांत. पहिली चूक: सूचना एका दमात देणं. ‘कापा, दुमडा, टाचा, मग धावदोरा घाला’ असं सांगितलं की निम्मे जण पहिल्यावरच थांबतात. एक कृती, मग थांबा, सगळ्यांचं झालं की दुसरी. दुसरी चूक: ‘वा वा, छान छान.’ खोटं कौतुक म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं. त्यापेक्षा ‘हा जांभळा इथे का घेतलात?’ असं विचारा आणि उत्तर ऐका. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात घातक चूक: मदतनिसाने घरी नेऊन चौकोन ‘नीट’ शिवून आणणं. तिरके टाके तसेच राहू द्या. गोधडी त्यांची आहे.

ज्या पुरुषांनी कधी सुई धरली नाही त्यांना जबरदस्तीने सुई देऊ नका. मापं आखणं, चौकोनांची मांडणी, कापडावर रंगकाम आणि प्रत्येक तुकड्याची गोष्ट लिहून घेणं ही कामं आधी द्या. दोन-तीन आठवड्यांत बरेच जण आपणहून सुई मागतात.

७. बारा आठवड्यांचा क्रम

आठवडा १ व २: ओळख आणि हात मोकळे करणं. पहिल्या दिवशी काहीतरी पूर्ण होऊन घरी जायला हवं, हातरुमालाला एक ओळ टाके का होईना.

आठवडा ३ ते ५: कौशल्य. धावदोरा, ठिगळ, किनार. याच काळात घरून जुनं कापड मागवा: लुगड्याचा काठ, बाळंतपणातलं दुपटं, धन्याचा सदरा. इथे जपून. वारलेल्या माणसाच्या कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा विचारा, आणि एक आठवडा थांबून तिसऱ्यांदा. कुणी नको म्हणालं तर ते कापड अख्खं परत द्या, त्याच्या रंगासारखा दुसरा तुकडा शोधा. रडू आलं तर घाईने विषय बदलू नका. शेजारी बसा, पाणी द्या. पण झोप नाही, जेवण जात नाही, जगायचं नाही असं कुणी सतत बोलू लागलं, तर ती गोष्ट वर्गाच्या हातातली नाही. घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७. दोन्ही क्रमांक दाराजवळ ठळक लावून ठेवा. घरी मारहाण किंवा उपासमार होत असल्याचं कानावर आलं तरी एल्डरलाइनवर सल्ला मिळतो.

आठवडा ६: फक्त निवड. काय करायचं, ते प्रत्येकाने ठरवायचं. हा आठवडा ‘वाया गेला’ असं वाटून तो गाळतात आणि मग सगळे चौकोन शिक्षकाच्या आवडीचे होतात.

आठवडा ७ ते १०: स्वतःचं काम. कलाकाराने आता कमी बोलायचं.

आठवडा ११: जोडणी, आणि आपल्या-आपल्यात दाखवणं.

आठवडा १२: बाहेरच्यांना दाखवणं.

*तपासा:* कुणी लागोपाठ दोनदा आलं नाही तर तिसऱ्या वर्गाआधी घरी जा. नुसता फोन पुरत नाही. आणि रोज संध्याकाळी संदेश पाठवण्यापेक्षा वर्गाच्या आदल्या दिवशी एक फोन करा. शेजारच्या दोघा-दोघांनी एका रिक्षातून यायची जोडीही तेव्हाच लावा.

८. विसर पडणारी माणसं

२०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून भारतातल्या साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. म्हणजे पंधरा जणांत एखादी व्यक्ती असेलच असं धरून चाला. तिला वगळू नका, सोबत घरचं कुणीतरी असू द्या.

‘आठवतंय का?’ हा प्रश्न पूर्ण बंद. अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली टाइमस्लिप्स ही पद्धत इथे फार उपयोगी पडते. एखादं अनोळखी, मजेशीर चित्र ठेवायचं आणि विचारायचं: ‘ही कोण असेल? कुठे निघाली असेल? पिशवीत काय असेल?’ कुणी काहीही म्हणो, ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं आणि मधूनमधून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. चूक-बरोबर नसतंच. कुणी नुसतं ‘हूं’ म्हटलं तर ‘हूं’ लिहा. आठवणीची परीक्षा टळली की बोलणं सुटतं. अशी गोष्ट गोधडीच्या चौकोनाशेजारी छापून लावता येते.

९. प्रदर्शन

मुख्य कार्यक्रम म्हणजे गोधडी आणि ती शिवणारे. भाषणं नकोत. मान्यवर आलेच तर त्यांनी खुर्चीत बसून गोष्टी ऐकाव्यात. वेळ तासभर, दिवसा, नेहमीच्याच खोलीत. नव्या सभागृहात पायऱ्या, अंधार आणि माइकची कुरकुर असते.

फोटोची परवानगी आधी लेखी घ्या आणि ‘वर्गापुरता’ की ‘बाहेरही चालेल’ ते वेगळं विचारा. गोधडी कुणाची, हे सहाव्या आठवड्यातच ठरलेलं हवं. शेवटच्या दिवशी हा प्रश्न निघाला तर चांगल्या वर्गातही भांडणं होतात. केंद्रात टांगायची, लिलाव करायचा की चौकोन सुटे करून परत द्यायचे, ते सदस्यांनी हात वर करून ठरवावं.

*सावधान:* मंगळागौरीचे खेळ कार्यक्रमात हवेत असा आग्रह हमखास होतो. गाणी, टाळ्या, बसून करायचे खेळ ठीक. फुगड्या आणि पिंगा नकोत. नितंबाचं हाड मोडलं की बारा आठवड्यांची कमाई एका मिनिटात जाते.

१०. तेराव्या आठवड्याची सोय आधीच करा

प्रदर्शनाचा उत्साह ओसरला की मोठी पोकळी येते, आणि वर्ग बंद पडतात ते बहुधा इथेच. म्हणून पुढच्याच आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी सगळ्यांना बोलवा. काम काही नाही, चहा आणि तीन प्रश्न: काय आवडलं, काय जड गेलं, पुढे काय करायचं. उत्तरं फळ्यावर, सगळ्यांसमोर.

त्याच बैठकीत कामं सदस्यांकडे द्या. हजेरी एकाकडे, सुयांची मोजणी दुसऱ्याकडे, आदल्या दिवशीचे फोन तिसरीकडे. दुसऱ्या तुकडीच्या घरभेटींना पहिल्या तुकडीतल्या दोघांना बरोबर न्या आणि बोलणं त्यांनाच करू द्या. पिशवीत एक पूर्ण झालेला चौकोन ठेवा, तिरक्या टाक्यांचा असेल तर अधिक चांगला.